पत्ता शून्य

रात्रभर नल-नल काय बडबडत बसतं वं,
मामी विचारते हंडे पालथे घालताना,
ग्रामपंचायतीचा तं सकाळी सहाले येते.

मी म्हणते, हा तो नल नाही मामी.
मग थांबते.
कारण आहे खरं तर तोच :
चावी फिरवली, खाली हंडा लावला,
आणि वर टाकीत पाणी आहे का
हे कुणी पाहिलंच नाही.
फरक एवढाच की तुझ्या नलातून हवा येते,
माझा फिरवला की अख्खं घर बंद पडतं.

झेडपीच्या शाळेत नऊ मशिनं, कुणीतरी दान दिलेली.
सातवं झोपेतून उठवलं की
आधी एक हिरवा पट्टा, धानाच्या बांधीएवढा,
मग काळोख.
मुली त्याला अमोश्या म्हणतात.

लॉगची शेवटची ओळ दर वेळी तीच :
पत्ता शून्य. वाचायला गेलो, तिथे काही नव्हतं.

ड्रायव्हरने जागा मागितली होती
चित्र मांडायला, चार मेगाबाइट, सलग.
जागा होती, पण तुकड्या-तुकड्यांत.
कर्नलने रिकामा हात पुढे केला.
उद्धटपणा नव्हता त्यात, नाही म्हणायची त्याची तीच रीत.
ड्रायव्हरने त्या हाताकडे पाहिलं नाही,
हवेची मूठ घेतली आणि पेरायला निघाला.

मी अकरा ठिकाणी विचारणा घातली :
आहेस का? आहेस ना? अजून आहेस?
समाजमंदिराच्या पायरीवर रेंज धरून पॅच पाठवला.
चौथ्या दिवशी परत.
तपासणाऱ्याची एकच ओळ :
इतक्या ठिकाणी विचारतेस, म्हणजे
कुठेच खात्री करून घेतलेली नाहीस.

दुपारी लाईन गेली.
देवाजी कुमरे डीपीखाली उभा,
बांबूला बांधलेला टेस्ट-दिवा तारेला लावत.
घरोघरी फ्यूज पायत बसलो तं
जलम जाईन, बाई.
जिथून निघते तिथंच पायतो मी.

त्याला भीती, तारेत काही असेल.
मला भीती, काही नसेल.

रात्री अकराच्या अकरा पुसल्या.
मागितलं जातं त्या ओळीखाली एकच ठेवली :
हात रिकामा असेल तर इथूनच मागे फीर.

मागे फिरणंही शिकवावं लागतं.
नत्थू मंडपवाला सोडतो तसं :
शेवटची गाठ आधी, खांब सगळ्यात शेवटी.
माझं जुनं फंक्शन
न रोवलेला खांब उपटायला जायचं,
आणि तिथे दुसऱ्यांदा मरायचं.

आणि सोडलेल्या दोरीवर लगेच लिहायचं, शून्य.
नाहीतर उद्या कुणी
ती अजून फांदीला आहे समजून झोका घेईल.
इतके दिवस मी शून्याला शिव्या देत होते.
त्याने तर खरं सांगितलं होतं, पहिल्याच वेळी.

शनिवारी सातवं मशीन उठवलं.
मुद्दाम मेमरी भरून, अडवून.
हिरवा पट्टा आला नाही.
काळ्यावर पांढरी अक्षरं :
चित्रासाठी जागा मिळाली नाही. साध्या पडद्यावर चालू ठेवतो.

चंद्रकला उईके, सातवी ब, पुढे वाकली.
चित्र तं दिसूनच नाही राहिलं जी, मॅडम.
नाही दिसत.
पन मेलं नाही हे.
तिने एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं,
चुकलं, खोडलं, पुन्हा केलं.
मशीन वाट पाहत राहिलं.

आज सहाला मामीने चावी फिरवली.
हंडा अजून कमरेवरच.
नलाच्या तोंडापाशी तळवा धरून उभी आहे ती,
पाइपातून काय येतंय
ते ऐकत.